नळीखालची भेग

काकांची रिव्हॉल्वर हातात घेतली की ती भरलेली आहे की रिकामी, हे वजनावरून सांगता यायचं नाही, इतकी ती हलकी होती. पाच काडतुसांची, दोन इंची नळीची, .३८ स्पेशल या मापाच्या काडतुसाची. नळी आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, पोलादी, पण सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा. रिकामी असताना साधारण १५ औंस, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. त्याच मापाची पूर्ण पोलादी रिव्हॉल्वर २० औंसांच्या घरात जाते. दीडशे ग्रॅमचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्याला दिवसभर ती कमरेला लावून फिरायचं असतं त्याला तो चांगलाच कळतो.

काका मूळचे नागपूरचे. खाणकामाची सुरुवात त्यांनी तिकडच्या मँगनीजच्या खाणींत केली आणि पुढे ते अ‍ॅरिझोनाच्या तांब्याच्या खाणींत आले. ग्लोब, मायामी, सुपीरियर ही फिनिक्सच्या पूर्वेची सगळी खाणगावं त्यांनी पायाखाली घातली आहेत. त्या काळी मोबाइल नव्हते, वाळवंटातले रस्ते एकाकी, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी रॅटलस्नेक वाटेवर येऊन पडलेले. कामावरच्या एका सहकाऱ्याने सुचवलं म्हणून काकांनी ही हलकी रिव्हॉल्वर घेतली, आणि सापांसाठी छर्ऱ्यांची काडतुसंही. निवृत्तीनंतर ते फिनिक्सला आले तेव्हा ती कपाटातल्या तिजोरीत गेली. बाहेर निघायची ती फक्त नेमबाजीच्या रेंजवर.

माझा या छंदाशी संबंध पुण्यातल्या एनसीसीच्या .२२ रायफलपासूनचा. अमेरिकेत आल्यावर मात्र बरीच वर्षं हात लावता आला नाही. एच-वन-बी व्हिसावर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. नव्याने आलेल्या आपल्या मुलांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. ग्रीन कार्ड हातात आल्यावरच मी पुन्हा सुरुवात केली, आणि काकांची सोबत मिळाली.

२०१८ ची दिवाळी नुकतीच झाली होती. रेंजवर निघण्याआधी काकूंनी चकल्यांचा डबा हातात दिला आणि काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझा नेम गेला रे. आठ इंचांत बसायच्या त्या गोळ्या आता कागदभर पसरतात. हात थरथरतो बहुतेक. तू जरा मारून पाहून घे, म्हणजे माझं मला कळेल." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वयाने एक गोष्ट काढून घेतली, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. सिलिंडर उघडताना मध्येच अडकतं, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. काजळी साठली असेल, असं त्यांना वाटत होतं.

आम्ही गेलो ते बेन एव्हरीला. शहराच्या उत्तरेला, केअरफ्री हायवेवर, १,६५० एकरांवर पसरलेली ही रेंज राज्याचं वन्यजीव खातं चालवतं. नोव्हेंबरातली तिथली सकाळ फार छान असते. मी रिव्हॉल्वर नेहमीच्या पद्धतीने तपासली. नळी मोकळी होती. घोडा मागे ओढल्यावर सिलिंडरमधलं काडतुसाचं प्रत्येक घर नळीसमोर नीट येऊन थांबत होतं. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट ठीक होती. नळीचं मागचं तोंड टॉर्चने पाहिलं, तिथे चीर नव्हती. नळी हाताने हलत नव्हती. काडतुसं कारखान्यातली, नवीन, १५८ ग्रेनच्या (साधारण दहा ग्रॅमच्या) शिशाच्या गोळीची, साध्या दाबाची. .३८ स्पेशलला अमेरिकेत चौरस इंचाला १७,००० पौंड ही दाबाची कमाल मर्यादा ठरलेली आहे, आणि '+पी' असा शिक्का असलेल्या जोरकस काडतुसांना २०,०००. आमची पहिल्या प्रकारातली होती.

दहा यार्डांवर कागद लावला. पहिल्या पाचांतच कळलं की काकांचा हात हे कारण नाही. माझ्याही गोळ्या तशाच पसरल्या, त्यातल्या दोन तर सरळ डावीकडे गेल्या. काका मागून म्हणाले, "म्हणजे तुझंही तसंच?" त्यांच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. पुन्हा भरून, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून मी नेम धरला आणि चाप ओढला.

आवाज बद्द आला. नेहमीच्या धक्क्याऐवजी हाताला एक विचित्र, पोकळ झटका बसला, डाव्या गालावर गरम वाळू फेकल्यासारखं झालं आणि चष्म्यावर काहीतरी टकटकलं. मी रिव्हॉल्वर टार्गेटच्याच दिशेने धरून राहिलो. तिच्याकडे नजर गेली तेव्हा डोळ्यांना जे दिसत होतं ते डोक्यात शिरायला क्षणभर वेळ लागला. सिलिंडर होतं, मूठ होती, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. नळी नव्हती. ती आमच्या टेबलापासून पाच-सहा पावलांवर खडीत पडली होती. कागदावर त्या गोळीचं भोक शेवटपर्यंत सापडलं नाही.

रेंज ऑफिसर धावत आला आणि सगळ्या ओळीला 'सीझ फायर' पुकारलं. तो माणूस अनुभवी होता. मला म्हणाला, "टेबलावर ठेव, तोंड पुढेच राहू दे, बोट बाहेर." अजून चार जिवंत काडतुसं आत होती, हे त्याच्या आधी लक्षात आलं. या घडणीच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर दोन ठिकाणी अडकलेलं असतं. मागे सांगाड्यात, आणि पुढे नळीखालच्या उंचवट्यात, जिथे उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीचं टोक बसतं. नळी गेली तसा पुढचा आधार गेला. त्याने सावकाश खटका दाबला, सिलिंडर बाजूला आलं, काडतुसं एकेक करून बोटांनी काढली आणि डबीत ठेवली. मग त्याने काकांना विचारलं, "घरी भरलेली काडतुसं?" काकांनी न बोलता खोका पुढे केला.

हा प्रश्न पुढे आम्हाला प्रत्येकाने विचारला, आणि तो रास्तच आहे. रिव्हॉल्वर फुटण्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक, पुंगळीत चुकून दुप्पट दारू. .३८ ची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली, त्यामुळे ऐसपैस आहे. आजची जलद जळणारी दारू तीन-चार ग्रेनच लागते, दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही आणि भरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दुसरं, आधीच्या काडतुसात दारू कमी पडून गोळी नळीतच अडकलेली असणं आणि तिच्यावर पुढची गोळी जाऊन आदळणं. पहिल्या प्रकारात सिलिंडरची वरची दोन-तीन घरं उघडी पडतात आणि सांगाड्याची वरची पट्टी वाकते किंवा तुटते. दुसऱ्यात नळीला बाहेरून कड्यासारखा फुगवटा येतो. रेंज ऑफिसरने नळी उचलून आणली, आरपार पाहिली, बोट फिरवलं. फुगवटा नव्हता. वरची पट्टी सरळ होती. सिलिंडर शाबूत होतं. उडालेल्या काडतुसाची पुंगळी नुसती तिरपी करताच गळून पडली आणि तिच्या प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीच्या, कडा गोल होत्या. दाब प्रमाणाबाहेर गेला असता तर पुंगळी घरात घट्ट बसली असती, प्रायमर चपटा झाला असता. याचा अर्थ काडतूस निर्दोष होतं.

गालावर ठिपक्या-ठिपक्यांनी रक्त आलं होतं. अर्जंट केअरमध्ये गेलो, डॉक्टरीणबाईंनी शिशाचा एक बारीक कण काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. चष्म्याच्या डाव्या काचेवर डोळ्यासमोरच्या जागी खोल ओरखडा होता. ती पॉलीकार्बोनेटची संरक्षक काच होती. रेंजवर साध्या चष्म्यावर किंवा नुसत्या गॉगलवर भागवणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मी तो चष्मा दाखवतो.

आता माझ्या कामाचा भाग. मी पुण्याच्या सीओईपीत धातुशास्त्र शिकलो आणि इथे विमानाच्या इंजिनांचे सुटे भाग तपासतो. मोडलेला भाग हातात आला की पहिला नियम: पुसायचा नाही, आणि मोडलेली दोन तोंडं एकमेकांना लावून बघायची नाहीत. लोकांना तोच मोह होतो, तुकडे जुळवून बघायचा. त्या एका घासण्याने पृष्ठभागावर लिहिलेलं सगळं खोडलं जातं. मी रेंजवरच दोन्ही तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले. घरी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि टेबललॅम्प जवळजवळ आडवा केला. तिरक्या उजेडात धातूची चढउतार उभी राहते.

नळी सांगाड्यात आट्यांनी बसवलेली असते. सांगाड्याचं ते कडं एखाद्या बांगडीसारखं नळीला धरून ठेवतं. पण या छोट्या रिव्हॉल्वरमध्ये त्या कड्याच्या तळाशी, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, धातू फार पातळ असतो, कारण सिलिंडर ज्या बिजागरीवर बाहेर येतं तिला जागा द्यायला तिथून धातू खरवडून काढावा लागतो. नेमक्या तिथेच कडं तडकलं होतं.

भिंगातून तडकलेल्या तोंडाचे दोन भाग स्वच्छ दिसत होते. बाहेरचा भाग चकचकीत, दाणेदार, राखाडी-पांढरा. तो त्या दिवशी सकाळी तुटलेला. आतला भाग काळपट, गुळगुळीत, अर्धलंबगोल, आट्यांच्या एका खोबणीच्या तळातून सुरू झालेला. त्याच्यावर बारीक कमानी होत्या, एकीबाहेर एक, सुरुवातीच्या बिंदूभोवती पसरत गेलेल्या. धातूच्या थकव्याची ही सही आहे. भेग थोडी वाढते, थांबते, पुन्हा वाढते, आणि प्रत्येक मुक्कामाची खूण मागे राहते. काळपटपणा काजळी आणि तेलाचा. काजळी आत मुरलेली म्हणजे भेग त्या सकाळची नाही. पुष्कळ दिवस ती उघडी होती आणि दर वेळी सिलिंडरच्या फटीतून येणारा धूर पीत होती. बाहेरून मात्र ती काजळीने बुजलेली होती, आणि हत्याराच्या जुन्या खुणांत मिसळून गेली होती.

गोळी सुटते तेव्हा पुंगळी मागे ढकलते, नळी पुढे ओढली जाते, आणि मधला सांगाडा ताणला जातो. दर गोळीला एकदा. पोलादात हा ताण एका ठरावीक पातळीच्या खाली ठेवला तर तो जवळपास कितीही वेळा सोसता येतो. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित पातळीच नाही, लहान ताणही पुरेशा वेळा दिला की तो थकतो. १९५४ मध्ये ब्रिटिशांची कॉमेट विमानं हवेत मोडली, ती अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या थकव्यानेच, हे आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा शिकवलं होतं. इथे त्यात आणखी एक भर. कारखान्यात पोलादी नळी अ‍ॅल्युमिनियमच्या कड्यात आवळताना थोडी जास्त आवळली गेली, तर ते कडं एकही गोळी न झाडता कायम ताणलेलंच राहतं. या जातीच्या रिव्हॉल्वरना याच जागी तडा जातो हे बंदूक दुरुस्त करणारे जुने कारागीर जाणून आहेत. बहुतेकदा तो केसासारखा बारीक असतो आणि वेळेत सापडतो. काकांच्या बाबतीत कडं तळाशी फाटलं, फाकलं आणि आट्यांची पकड सुटली. नळीच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे ओरबाडे भरलेले होते. ते मी काकांना भिंगातून दाखवले.

नेम जाण्याचं कारणही मिळालं. सैल झालेली नळी दर गोळीला थोडी इकडेतिकडे होत होती, आणि तिच्यामुळेच दांडीचं टोक अडकून सिलिंडर उघडायला जड जात होतं. मी हे समजावत असताना काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे यांचा हात बरा आहे ना?" काका काही बोलले नाहीत. भिंग घेऊन ते बराच वेळ त्या काळ्या भागाकडे बघत बसले. मग म्हणाले, "खाणीत छत पडायच्या आधी असंच असतं बघ. आतून आधीच सुटलेलं."

हलकेपणाच्या हव्यासाला इतिहास आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी अशा रिव्हॉल्वर बनवून घेतल्या की ज्यांचं सिलिंडरसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचं होतं. त्यांच्यासाठी कमी दाबाचं वेगळं काडतूस काढावं लागलं, तरी सिलिंडर टिकेनात. शेवटी हवाई दलाने त्या परत घेऊन बहुतेक सगळ्या नष्ट केल्या. आज टायटॅनियमचं सिलिंडर आणि स्कँडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा वापरून १२ औंसांच्या आसपासच्या रिव्हॉल्वर मिळतात, त्याही .३५७ मॅग्नमच्या, जिच्या दाबाची मर्यादा ३५,००० पौंड आहे. त्या काम देतात, त्यांच्यामागचं धातुशास्त्र उत्तम आहे, मला त्याचा आदर आहे. पण मी त्यांच्याकडे विमानाच्या भागासारखं बघतो: ठरावीक वापरानंतर तपासणी, न चुकता. बंदुकीच्या दुकानात हे कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवं.

पुढे कंपनीशी पत्रव्यवहार. अमेरिकी कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे तिचा क्रमांक कोरलेला सांगाडा. नळी, सिलिंडर हे सुटे भाग. त्यामुळे तुटलेला सांगाडाही कायद्याने बंदूकच ठरतो आणि तसाच पाठवावा लागतो. खाजगी माणसाला तेव्हा टपालाने हँडगन पाठवता येत नव्हती. कंपनीने कुरिअरची छापील चिठ्ठी पाठवली. दुरुस्तीसाठी थेट कारखान्याकडे पाठवायला आणि तिथून थेट परत घ्यायला परवाना असलेला दुकानदार मध्ये लागत नाही, ही एक सोय. पाठवण्याआधी मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मोजपट्टी शेजारी ठेवून. उरलेली काडतुसं आणि खोका मात्र आमच्याकडेच ठेवला, कारण त्याच्यावर उत्पादनाचा गट क्रमांक होता.

फोनवर बाई अतिशय सौजन्याने बोलल्या. पत्र यायला कित्येक आठवडे लागले. सांगाडा दुरुस्त होण्यासारखा नाही, तो आमच्याकडे नष्ट करू द्या, त्याबदल्यात सध्याच्या उत्पादनातली रिव्हॉल्वर सवलतीत घ्या, असा मजकूर. तडा कशामुळे गेला याबद्दल एक ओळही नव्हती. मी सविस्तर विचारलं, फोटो जोडले, नळी किती आवळायची याचं तेव्हाचं प्रमाण काय होतं ते विचारलं. उत्तर आलं ते पहिल्या पत्राचीच नक्कल. याचा मला राग आला, आणि अजून आहे. धातू थकतो यात कुणाचा अपराध नाही. पण त्याच जागी तडा जातो हे माहीत असताना मालकांना "इथे बघत चला" एवढं छापून कळवणं अवघड नव्हतं. माझ्या क्षेत्रात एका इंजिनाच्या एका पात्यात अशी भेग सापडली तर जगभरच्या कंपन्यांना सूचनापत्र जातं.

काकांनी सवलत नाकारली आणि तुकडे परत मागवले. ते आले. "माझ्याबरोबर इतकी वर्षं फिरली, भट्टीत कशाला घालू," म्हणाले.

मला मात्र स्वस्थ बसवेना. ओळखीतल्या ज्यांच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची रिव्हॉल्वर आहे, त्यांना मी एका रविवारी घरी बोलावलं. पोलादात भेग शोधायला चुंबकाची पद्धत चालते, अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही, तिथे घरच्या घरी रंगद्रव्याची पद्धत सोयीची. तीन फवाऱ्यांचा संच कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळतो. रिव्हॉल्वर रिकामी करायची, दोनदा खात्री करायची, सिलिंडर उघडायचं, नळीखालचं कडं द्रावकाने अगदी कोरडं-स्वच्छ करायचं. काजळीचा कण राहिला तरी भेग बुजलेलीच राहते. मग लाल द्रव्य फवारायचं आणि दहा-पंधरा मिनिटं भेगेत मुरू द्यायचं. वरचं द्रव्य फडक्याने पुसायचं. द्रावक थेट फवारला तर भेगेतलंही धुऊन जातं, म्हणून फडकं फक्त ओलसर करायचं. शेवटी पांढरी पावडर. भेग असेल तर मुरलेला लाल रंग पावडरीत शोषला जाऊन वर येतो.

बहुतेकांचं पांढरं ते पांढरंच राहिलं. ठाण्याच्या एका मित्राच्या रिव्हॉल्वरवर मात्र मिनिटाभरात तळाशी एक लाल रेष उमटली, आट्यांपासून थेट पुढच्या कडेपर्यंत. तो म्हणाला, "अरे, पण हिचा नेम अजून उत्तम आहे!" असेलच. कडं अजून फाकलं नव्हतं. त्याच दुपारी त्याने दुकानदाराला फोन केला. पुढच्या आठवड्यात ती विकायला द्यायची त्याने ठरवलं होतं, दुकानदाराने भावही सांगून ठेवला होता. व्यवहार रद्द केला, का तेही त्याला नीट सांगितलं. दुकानदाराने दोन प्रश्न विचारले, फोटो मागवून घेतला, आणि आता तो दुकानात येणारी अ‍ॅल्युमिनियमची प्रत्येक जुनी रिव्हॉल्वर घेण्याआधी सिलिंडर उघडून त्या जागी टॉर्च मारतो.